सरळ रेघ

घाबरवायला सांगत नाही. स्क्रीनवर जे आलं, तेवढंच सांगतो. रस्ता न फोडता आतून तपासायचा, हे माझं काम. रडारची ढकलगाडी घेऊन चालायचं, खालून परतणारा पडसाद स्क्रीनवर उमटतो. पाइप, पोकळी, काहीही पुरलेलं असलं की तिथं कमान दिसते, कारण आपण त्याच्या जवळ जातो आणि मग लांब.

हा रस्ता मी मुद्दाम मागून घेतला. धाकटा भाऊ यावरच रोलर चालवायचा. काम संपलं त्या आठवड्यात जो गेला, तो गेलाच. आई म्हणते, रुसून गेलाय, येईल. माझ्या मनात मात्र भलतंच येत होतं. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

भर दुपारी चार किलोमीटर चाललो. एकही कमान नाही. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग लक्षात आलं, दीड मीटर खाली एक सरळ रेघ आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

अशी रेघ कुणी गाडीच्या बरोबरीनं चाललं तर येते, अंतर बदलतच नाही म्हणून. नवखे हमखास ही चूक करतात. मागून टेम्पो आणणाऱ्या काकांवर मी खेकसलो, "जवळ चालू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

"अरे, मी खाली उतरलोच नाही..."

मशीनचा दोष असेल म्हणून काकांना ढकलायला लावलं. रेघ नाही. मी हातात घेतलं, की हजर.

अहवालात लिहिलं, 'दोष नाही'. चालणाऱ्या गोष्टीसाठी त्यात रकाना नसतो.

संध्याकाळी घराच्या पायरीपाशी मशीन पुढं-मागं ढकलून पाहिलं. रेघ होती, एक मीटरवर. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मीटरवर. आज सकाळी वीतभर खाली.

आईला यातलं अक्षर सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी मशीन दुरुस्त करतोय. दुपारी बघतो तर तिनं भावाची गादी काढून उन्हात घातलेली.

"हे कशाला?"

"येतोय ना तो..." गादी झटकत ती म्हणाली. "तू तेवढे घरात पाय हळू टाकत जा. त्याच्या डोक्यावर पडतात रे."