घंटेला लागलेले पाणी

"माफ करा... पाणी आता कुठवर आलं म्हणायचं?"

प्रश्न मागून आला, आणि तोही कोकणी हेलात. चंद्रभागेने वळून पाहिले. भाद्रपदातला पूर पाहायला अर्धे नाशिक पुलावर लोटले होते. त्या गर्दीत एक तरुण, उलटी होऊ पाहणारी छत्री एका हाताने सावरीत आणि दुसऱ्या हाताने काही कागद छातीशी धरून उभा होता. त्याच्या चष्म्यावर पावसाचे इतके थेंब होते, की समोरची नदी त्याला केवळ ऐकूच येत असावी.

"कुणाला सांगायचंय?" तिने विचारले.

"'लोकसूचक'च्या वाचकांना. मी तिथला बातमीदार, रंगनाथ. नवाच आहे... दिसतंच आहे म्हणा."

बातमीदार — तो शब्द तिच्या कानाशी घुटमळला. पुण्याहून बी. ए. होऊन परतल्यापासून तिने 'लोकसूचक'कडे धाडलेला प्रत्येक लेख साभार परत आला होता. बातम्या लिहिणारा माणूस जवळून कसा दिसतो, याचे तिला केव्हापासूनचे कुतूहल होते. हा तर नुसता भिजलेला दिसत होता.

"आधी चष्मा पुसा. म्हणजे मला विचारावं लागणार नाही."

"पुसला असता. पण हात दोनच आहेत."

तिने छत्री त्याच्या हातून घेतली. उपरण्याच्या कोरड्या टोकाने त्याने काचा पुसल्या, चष्मा चढवला... वास्तविक आता त्याने नदीकडे पाहायला हवे होते.

"पूर तिकडे आहे," ती म्हणाली.

तो गोरामोरा झाला. "तो तुमच्याकडे मोजतात कसा?"

"पलीकडच्या काठावर नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे ना, तिच्यावरून. पाणी घंटेला लागलं की महापूर."

"पण लागलं हे कळतं कसं?"

इतका निष्पाप प्रश्न ऐकून तिच्या ओठांवर खोडकरपणा आला. "वाजते की घंटा. पार तुमच्या कचेरीत ऐकू येईल. तुम्ही खुशाल कोरड्यात बसा."

त्याने गंभीरपणे मान डोलावली. थट्टा आहे हो, असे ती म्हणणार, तोच गर्दीतून ठमाआत्याची हाक आली — "चंद्रे, अगं कुणाशी बोलते आहेस? चल घरी." छत्री त्याच्या हाती देऊन ती निघाली. वळणावर मागे पाहिले, तर तो अजून नदीकडे पाहत नव्हता.

संध्याकाळी घंटा वाजली. पायऱ्यांवर रेंगाळणाऱ्या लोकांना मागे हटवण्यासाठी देवळातल्या कुणीतरी ती बडवली होती. पाणी घंटेच्या पुष्कळ खाली होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या 'लोकसूचक'वर ठळक मथळा होता : घंटेस पाणी लागले, नाशकात महापूर. तो अंक नदीच्या खालच्या अंगाला सायखेड्याला पोचला आणि तिथले लोक गुरेवासरे घेऊन भिजत उंचावर जाऊन बसले. पाणी मात्र तोवर ओसरू लागले होते. नाशकात तर हसण्याला ऊत आला. संपादक तात्यासाहेब रस्त्याने निघाले, की टांगेवाले विचारीत, "काय तात्या, आज घंटा कोरडी का?"

चंद्रभागेचे वडील शाळामास्तर. जेवताना ते सहज म्हणाले, "तो कोकणातला पोरगा शनिवारी जाणार म्हणे. ही बातमी कुणी दिली, एवढंच तात्या विचारतायत. नाव सांगितलं तर ठेवून घेतील. पण त्याच्या तोंडून अक्षर निघत नाही."

तिचा घास हातातच राहिला. अपराधाची बोच होतीच. पण तिच्याही तळाशी, गढूळ पाण्याखाली दिवा दिसावा तसा, एक प्रश्न हलत होता — त्याने नाव का सांगितले नसावे?

दुसऱ्या दिवशी ती एकटीच नदीवर गेली, आणि तिथून तडक 'लोकसूचक'च्या कचेरीत. शाईचा आणि ओल्या कागदाचा वास दारातच भेटला. छपाईचे खिळे जुळवत बसलेल्या महेबूबचाचांनी तिच्याकडे पाहिले, मग कोपऱ्यात ट्रंक भरणाऱ्या रंगनाथाकडे, आणि ते मान खाली घालून मिशीत हसले. "तात्या आत झोपलेत, बेटी. भांडायचं असेल तर हळू भांड."

"नाव का नाही सांगितलंत?" तिने सरळ विचारले.

"मला ठाऊक कुठं होतं?"

"आत्याची हाक ऐकली होतीत."

"ऐकली होती..." त्याने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला. "बातमी देणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं. आणि पुलावर परक्या माणसाशी बोललेल्या मुलीचं तर नाहीच नाही."

"मी बातमी दिली नव्हती. थट्टा केली होती."

"ते ओळखणं माझं काम होतं. पलीकडं उतरलो असतो, तर घंटा दिसली असती."

"मग का नाही उतरलात?"

"चष्मा पुसल्यावर पुलावरून पाय निघेना."

महेबूबचाचांच्या हातून एक खिळा खाली पडला. चंद्रभागेने घाईने एक कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच लिहायला सुरुवात केली. तो डोकावून वाचू लागला, आणि एकाएकी त्याचा चेहरा उतरला.

"खाली नाव घालू नका. 'एक नाशिककर' म्हणा. लोक काय बोलतील..."

"येवल्याचं स्थळ आलंय मला. ते पहिल्यांदा बोलतील," ती लिहिता लिहिताच म्हणाली. "पण बिननावाच्या बाईवर तुम्ही विश्वास ठेवलात, त्याचं काय झालं ते पाहिलंत ना?"

आवाजाने तात्यासाहेब बाहेर आले. त्यांनी कागद उचलून वाचला, आणि सावकाश पुन्हा वाचला. थट्टा कुणी केली, ते पहिल्याच ओळीत होते. त्यानंतर घंटा कुणी वाजवली, कशासाठी, पाण्याची ओली खूण भिंतीवर कुठवर आहे, सायखेड्याच्या माणसांचे काय हाल झाले...

"हे कुणी सांगितलं तुला?"

"खूण पाहून आले. बाकीचं पुजाऱ्यांना आणि सायखेड्याहून आलेल्या गाडीवानाला विचारलं."

"नावानिशी छापू? मास्तरांना मी काय तोंड दाखवू?"

"त्यांना मी सांगेन."

तात्यांनी दौतीत टाक बुडवला, एक विशेषण खोडले आणि कागद महेबूबचाचांकडे दिला. मग रंगनाथाकडे न पाहताच म्हणाले, "ती ट्रंक रिकामी करा. आणि पोरी, घाटावर चिखल साचलाय, नगरपालिका काय करते आहे ते पुढच्या अंकासाठी पाहून ये. लेख नको. बातमी हवी."

खुलासा छापून आला. खाली तिचे पूर्ण नाव होते. येवल्याहून निरोप आला, की वर्तमानपत्रात झळकणारी सून आम्हाला परवडणार नाही. ठमाआत्याने अबोला धरला. वडिलांनी अंक पुन्हा पुन्हा वाचला, आणि शाळेत जाताना बरोबर नेला.

घाटावर चिखल सुकू लागला होता. पायऱ्या चढून ती घंटेसमोर थांबली, तेव्हा रंगनाथ आधीच तिथे होता, मान वर करून घंटेकडे पाहत.

"एवढ्या उंचावर आहे, हे पुलावरून कळलं नसतं," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून — "येवल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही हसलात, असं ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"बातमी देणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं."

"मागच्या वेळी ऐकीव बातमीवर विसंबलात..."

"म्हणून तर स्वतः आलोय." त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुमच्याविषयी मला काय वाटतं ते मी पक्कं तपासलंय. त्यात चूक नाही. दुसरी बाजू मात्र... माझ्याकडे नाही."

नदी खाली शांतपणे वाहत होती, जणू तिने कधी कुणाची बदनामी केलीच नव्हती. चंद्रभागेने हात पुढे केला, त्याचा चष्मा अलगद उतरवला, पदराच्या टोकाने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर परत चढवला.

"आता नीट पाहा," ती म्हणाली, "आणि मग घरी येऊन बाबांना सांगा."

याही वेळी तो नदीकडे पाहत नव्हता, तरी तिने त्याला पूर कुठे आहे ते सांगितले नाही.