दुसरी नळी

पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडलं, गोल गोल फिरत राहिलं आणि कितीतरी वेळानं शांत झालं.

समोर बसलेली बाई तेवढ्यानं उठून उभी राहिली होती. तिच्या पदराला बिलगलेली पाच-सहा वर्षांची पोर मात्र जागची हलली नाही.

"बसा ताई. माझ्याच हातून पडलं," रत्ना ओशाळून म्हणाली.

पिंप्राळ्यातलं हे घर सबीहा शेख यांचं. सरकारी प्रयोगशाळेत बंदुका तपासण्यात त्यांची अर्धी उमर गेली होती. आता पुढच्या खोलीत टेबल टाकून त्या खासगी तपास करत. रत्ना त्यांची मदतनीस. स्वतःचं तान्हं सासूच्या मांडीवर ठेवून ती दुपारची येई, टिपणं काढी, चहा करी आणि आपांच्या डोक्यात काय चाललंय हे बहुधा सगळ्यात शेवटी ओळखी.

"आता सांगा," सबीहा आपा म्हणाल्या.

बाईचं नाव दिपमाला, राहणार धुळे. नवरा स्वप्नील पिस्तूल नेमबाज. दसऱ्यानंतर आठवड्याभरात सराव करताना त्याचं पिस्तूल हातातच फुटलं. पोलादाचा तुकडा गळ्यात घुसला.

"तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी सासऱ्यांना नेलं. गोळ्या आबांनी घरी ओतलेल्या होत्या ना. म्हणतात, मुद्दाम दारू जास्त भरली."

"मुद्दाम का?"

"यांना पुण्याला सरावाला जायचं होतं. आबा नको म्हणायचे. त्यावरून बोलाचाली व्हायची." तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "हिचा बाप गेला, आपा. आजोबा तरी राहू द्या."

*

धुळ्याच्या ठाण्यात भाईदास आबा बाकड्यावर बसले होते. बोटांवर शिशाच्या भट्टीचे जुने चटके.

"मन्हा पोर्‍याले मी कसाले मारसू, बाई?" ते एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले.

"आबा, त्या दिवशीच्या गोळ्या आणखी कुणी चालवल्या?" आपांनी विचारलं.

"मीच. त्याच डब्बीन्या. सकाये मन्हा जुना पिस्तुलमा चालाड्यात. काहीच व्हयनं नही."

फौजदारानं फुटलेल्या पिस्तुलाचा फोटो पुढं सरकवला. वरचा भाग उघडून वाकला होता, नळी चिरली होती. नळीच्या मागच्या टोकाला बोराएवढा लाल डाग होता.

"रक्त," फौजदार म्हणाला.

आपांनी फोटो दिव्याखाली धरला. "याची एक प्रत मिळेल?"

बाहेर आल्यावर रत्ना म्हणाली, "आबांचा चेहरा बघून वाटत नाही हो."

"चेहरा बघून वाटायला लागलं, तर मी ज्योतिष सांगायला बसेन," आपा म्हणाल्या.

*

सरदारभाईंचं दुकान बंदूक दुरुस्तीचं. स्वप्नीलचं पिस्तूल त्यांनीच सांभाळलेलं.

"परदेशी माल होता, मॅडम. आपल्या जुन्या पिस्तुलाच्या नळीत धारदार खोबणी असतात, त्या गोळीला पकडून फिरवतात. याची नळी आतून वेगळी, कोपरे गोल केलेल्या षटकोनासारखी. गुळगुळीत. तिच्यात तांब्याच्या कवचाचीच गोळी चालवायची."

"आणि आबांची साध्या शिशाची?"

"तौबा! शिसं मऊ. आत पकड मिळत नाही, घसरतं, चिकटतं. थरावर थर चढतो. वाट अरुंद झाली की सगळा जोर उलटा येतो. म्हणून तर मी त्याला दुसरी नळी मागवून दिली, खोबणीवाली. स्पर्धेला कंपनीची गोळी आणि गुळगुळीत नळी. सरावाला आबांची गोळी आणि खोबणीवाली."

"दोन्ही ओळखायच्या कशा?"

"बाहेरून सारख्याच. म्हणून खोबणीवालीला मागच्या टोकाला लाल रंगाचा ठिपका दिला. रिकामं कवच जिथून बाहेर पडतं, त्या पिस्तुलाच्या खिडकीतून दिसतो. स्वप्नील मला हसायचा, म्हणायचा, सरदारभाई, नळीला तीट लावली!"

"साफसफाई कोण करायचं?"

"दर आठवड्याला इथंच आणायचा." सरदारभाईंनी मान खाली घातली. "त्या आठवड्यात मी दोंडाईच्याला होतो, मेव्हण्याच्या लग्नात. दुकान बंद. मी असतो तर नळीत डोकावलो असतो, मॅडम."

*

"चिडवलं मी त्याला. नाही कशाला म्हणू?" मैदानावर अभिमन म्हणाला. स्वप्नीलचा जोडीदार तो, आणि प्रतिस्पर्धीही. "नाशिकच्या स्पर्धेत तो पहिला, मी दुसरा. तिथनं आला, दसरा झाला, आणि गड्याचा नेमच गेला. म्हटलं, काय रे, नाशिकलाच ठेवून आलास का?"

"पिस्तूल कुणाच्या हाती द्यायचा?"

"मला तर शिवू पण द्यायचा नाही. नळी घरी बदलून यायचा. मैदानावर आला की खिडकीत डोकावून बघायचा, मग गोळ्या भरायचा. रोज."

"शेवटच्या दिवशीही?"

"हो. माझ्या डोळ्यांदेखत."

निशाणाचे वापरलेले कागद कोपऱ्यात पडून होते. आपांनी स्वप्नीलचे निवडून काढले. दसऱ्याआधीच्या कागदांवरची भोकं गोल, नेटकी. नंतरच्या कागदांवर ती विखुरलेली होती आणि काही लांबट होती, काकडीच्या बीसारखी.

"गोळी आडवी होऊन लागली," आपा पुटपुटल्या.

"म्हणजे कुणीतरी नळी बदलली!" रत्नाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "हाच अभिमन. नाहीतर सरदारभाई खोटं बोलतात."

आपांनी लांबट भोकांचे दोन कागद घडी घालून पिशवीत ठेवले.

*

धुळ्याच्या देवपुरात, दिपमालाच्या गल्लीतल्या सगळ्या दारांवर आकाशकंदील लागले होते. एका दारावर नव्हता.

दिपमालानं पाणी दिलं. तिची पोर, ठमी, येऊन सरळ रत्नाच्या मांडीवर बसली. रत्नाच्या अंगाला तान्ह्याचा वास होता, त्यानंच आली असेल.

"दसऱ्याला शस्त्रपूजा होते ना तुमच्याकडे?" आपांनी विचारलं.

"होते तर. आबांचं पिस्तूल, यांचं, घरातला कोयता, बठ्ठं सगळं पाटावर मांडायचं. हळद-कुंकू माझ्या हातचं. दुसऱ्या नळीची डबी असते ना यांची, तीही ठेवली होती उघडून."

"ती डबी आणा."

डबीत एक नळी होती. मागच्या टोकाला लाल ठिपका. आपांनी खोबरेल तेलाचं बोट लावून चिंधीनं घासलं. ठिपका हलला नाही.

"हा सरदारभाईंचा रंग. म्हणजे खोबणीवाली नळी घरात आहे आणि फुटली ती गुळगुळीत." आपा सावकाश बोलत होत्या. "आबांनी त्या दिवशीच्याच गोळ्या सकाळी चालवल्या, काही झालं नाही. दारू जास्त नव्हती. लांबट भोकं सांगतात की दसऱ्यानंतर रोज शिसं गुळगुळीत नळीतून जात होतं. थर चढत गेला. सरदारभाई गावाला, नळीत बघायला कुणी नाही."

"पण नळी बदलली कुणी?" रत्नाला राहवेना.

"कुणीच नाही. बदलायची राहिली. नाशिकच्या स्पर्धेला गुळगुळीत चढवली होती, तशीच घरी आली."

"पण अभिमन म्हणाला, ते रोज खिडकीतून बघायचे."

"बघायचा. त्याला लाल ठिपका दिसायचा."

आपांनी फोटो पाटावर ठेवला. "पोलिसांना हे रक्त वाटलं. रक्त उडतं, ओघळतं. हा बोटानं टेकवलेला गोल आहे."

दिपमाला आपल्या उजव्या हाताच्या अनामिकेकडे बघत होती.

"मी तेलात कालवते," ती म्हणाली. "नुसतं कुंकू लोखंडावर ठरत नाही. सासूबाईंनी शिकवलं होतं."

"डबीतल्या नळीला लावलं होतंत?"

"नाही. तिला लागलेलं दिसलं. वाटलं, ठमीनं लावलं असेल." तिनं फोटोतल्या डागावर बोट टेकवलं. "पिस्तुलाला लावलं. त्या खिडकीत. यांच्या हाताला यश दे म्हटलं."

रत्नानं ठमीचं डोकं छातीशी दाबून धरलं.

"हे पुसायचेसुद्धा जपून, आपा," दिपमाला म्हणाली. " सरदारभाईंची खूण जाईल म्हणून."

"दिपमाला, हा गुन्हा नाही. कायद्याच्या कुठल्या कलमात तुझं बोट बसणार नाही," आपा म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत होत्या. "मी फौजदारांना एवढंच सांगेन, की नळी बदलायची राहिली. आबा सुटतील."

"आणि ठिपका?"

आपांनी फोटो पालथा घातला.

"फौजदार विचारतील ना, रोज बघणारा माणूस चुकला कसा? मग पुन्हा आबांवरच येईल." दिपमालानं डोळे पुसले नाहीत. "फोन लावून द्या, मी सांगते. आबांना पण मीच सांगते. बाहेरून कानावर यायला नको."

फोन घेऊन ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच आवाज थांबे, पुन्हा सुरू होई.

ठमीनं मान वर केली. ती झोपली आहे असं रत्नाला वाटलं होतं.

"मावशी, आबा घरी आले की आईशी बोलतील ना?"