हॅस्केलच्या रंध्यावरचे दुसरे नाव

धुके अजून गवतावरून उठले नव्हते, आणि एसा टिबेट्सच्या हातातल्या विजेरीचा उजेड चार हातांपलीकडे पोचत नव्हता. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या त्या माळावर जुन्या हत्यारांचा बाजार उजाडण्याआधीच भरतो. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला गंजके खिळे उरतात. एका ओल्या ताडपत्रीपाशी त्याचा उजेड थबकला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा एक रंधा होता तो. त्याच्या पुढच्या नाकाडावर, हातांच्या घामाने काळवंडलेल्या लाकडात, खोल उमटलेले नाव होते — जे. हॅस्केल.

एसाने विजेरी आणखी जवळ नेली.

हॅस्केल नावाचा तो सुतार केव्हाच मातीत गेला होता आणि त्याची हत्यारे वारसांनी दाही दिशांना विकून टाकली होती. एसाला एका लिलावात त्याची पेटी मिळाली, तीही रिकामी. तेव्हापासून त्या नावाचा ठसा शोधत तो गावोगावचे बाजार पालथे घालत होता. कुठे करवत सापडली, कुठे पटाशी. लाकूडवखारीतल्या नोकरीतून उरलेले त्याचे सारे तारुण्य त्या पेटीच्या कप्प्यांत जाऊन बसले होते. आता एकच कप्पा रिकामा होता. रंध्याचा.

तो वाकला... आणि त्याच्या बोटांआधी दुसरीच बोटे रंध्यावर पडली.

रबरी बूट घातलेली, सैल वेणीची एक मुलगी. तिने रंधा उचलला, पाचर सैल करून पाते बाहेर काढले, आणि एसाच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या मनगटावरची सोनेरी लव सर्रकन भादरली.

“अहो, हे काय करताय!” त्याच्या तोंडून किंचाळीच निघाली.

“धार बघतेय.”

“शंभर वर्षांचं पातं आहे ते!”

“म्हणून तर! आताच्या पोलादाला कुठली आलीय अशी धार?” ती विक्रेत्याकडे वळली. “आजोबा, हा माझा.”

म्हाताऱ्याने एसाकडे पाहून खांदे उडवले. “पोरा, तुझा हात लाजाळू आणि हिचा धीट. त्याला मी काय करू?”

एसा धुक्यातून तिच्या मागोमाग चालत राहिला. बोलायला शब्द सापडेपर्यंत ती गाडीपाशी पोचलीसुद्धा होती. त्याने अडखळत पेटीची हकिकत सांगितली.

“पेटीत ठेवून काय करणार त्याचं?”

“काही नाही... बघणार.”

“बघणार?” ती हसली. “मी मारिएल ऊलेट. होड्या बांधते. माझी होडी पाण्यात उतरेपर्यंत हा माझ्याकडं राहील, मग तुमचा. तोवर विश्वास नसेल, तर येऊन पहारा द्या.”

ही थट्टा आहे, हे एसाला कळले नाही. त्या शनिवारी तो खरेच तिच्या होडी बांधायच्या शेडच्या दारात उभा राहिला.

त्या उन्हाळ्यात तो फळी धरायला शिकला. मारिएल रंधा चालवू लागली, की देवदाराची सालपटे रेशमासारखी उलगडत तिच्या कोपराशी गोळा होत, आणि लाकडातून एक लांब, मऊ सुस्कारा निघे. तो आवाज एसा घरी घेऊन जाई. ‘अहो’चे ‘अरे’ कधी झाले, ते दोघांनाही उमजले नाही.

चर्चच्या सभागृहात घेवड्याच्या गावजेवणाची पंगत होती तेव्हाची गोष्ट. समोर बसलेल्या मारिएलने चमचा खाली ठेवला.

“एसा, मघापासून काय बघतोयस?”

“रंधा... रंधा नीट आहे ना, ते.”

“रंधा शेडमध्ये आहे.”

शेजारच्या बाईंना ठसका लागला. एसाचे कान असे पेटले, की त्याने उरलेले जेवण ताटात मान घालून संपवले.

सप्टेंबरात होडी पाण्यात उतरली. लोक टाळ्या वाजवून पांगले. शेडमध्ये आता होडीच्या आकाराचा नुसता उजेड उरला होता. मारिएलने फडक्यात गुंडाळलेला रंधा त्याच्या हातांत ठेवला.

“तुझा. शब्द दिला होता ना...”

त्याने फडके सोडले. हॅस्केलच्या नावाखाली, काळ्याभोर लाकडात, नुकतीच ठोकलेली पांढरी, कोवळी अक्षरे होती — एम. ऊलेट.

“हे काय केलंस तू!” तो ओरडला. “नासवलास! आख्खा रंधा नासवलास!”

मारिएलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“हत्यार ज्याच्या हाती जातं, तो जुन्या नावाखाली आपलं नाव ठोकतो. कामकऱ्यांची रीतच आहे ती,” ती सावकाश म्हणाली. “सोमवारी मी निघतेय. पार पश्चिम किनाऱ्यावर काम मिळालंय. म्हटलं... रंधा तुझ्या पेटीत राहील, तर निदान माझं नाव तरी तुझ्यापाशी राहू दे.”

तो काही बोलणार, तोच ती निघून गेली होती.

घरी येऊन एसाने रंधा त्या शेवटच्या कप्प्यात ठेवला. तो अचूक बसला. ज्या क्षणासाठी इतकी वर्षे घालवली, तो क्षण आला आणि खोलीत काहीच झाले नाही. एवढ्या हत्यारांपैकी फक्त एकाचा आवाज त्याने ऐकला होता — आणि तेही आता गप्प झाले होते.

सोमवारी सकाळी मारिएल गाडीत सामान भरत असताना एसाचा ट्रक दारात येऊन थांबला. मागे हॅस्केलची पेटी होती.

“आता काय? नाव खरवडून दाखवायला आलास?”

“माफी मागायला आलोय. आणि...” त्याने पेटीकडे बोट दाखवले. “आम्हा संग्रह करणाऱ्यांचा एक नियम आहे. पेटीची आणि हत्यारांची ताटातूट करायची नाही. यातल्या एका हत्यारावर तुझं नाव आहे. तेव्हा ही पेटी तुझ्याबरोबर जायला हवी.”

मारिएलने हातातले सामान खाली ठेवले.

“आख्खी? वेड लागलंय का तुला? मी वापरीन ती. घासीन, ठोकीन. ओरखडे पडतील!”

“पडू देत.”

“आणि तुझ्याकडं काय उरणार मग?”

“तेच विचारायचं होतं...” या खेपेस तो थांबला नाही. “मारिएल, मला तू हवी आहेस. रंध्यासाठी येणं कधीच संपलं होतं. मी तुझ्यासाठी येत होतो.”

तिचे डोळे भरून आले आणि भुवया मात्र रागाने जुळल्या. “मग परवा ओरडलास कशाला, गाढवा?”

“गाढव म्हणूनच.”

ती हसू दाबत ट्रकपाशी गेली. तिने पेटीची एका बाजूची दोराची मूठ धरली, दुसऱ्या बाजूची एसाने. दोघांनी मिळून पेटी उचलली.

“बाई गं, केवढी जड! तिकडं पोचल्यावर मला एकटीला कशी उतरवता येणार ही?”

“नाहीच येणार. म्हणून मघाशी वखारीत सांगून आलो, माझ्या जागी दुसरा माणूस बघा.”

मारिएलच्या हातातली मूठ सुटली. पेटी धाडकन दगडी पायरीवर आदळली. तिच्या कोपऱ्याचा मोठा टवका उडून गवतात पडला.

एसाने तिकडे पाहिलेसुद्धा नाही.