चोवीस बिजागऱ्या

"आजच्या उड्डाणाचे पास दोन आहेत. हरिप्रियेला ताप आला. येतेस?"

सकाळी नऊला, अंबत्तूरच्या घराच्या दारात उभं राहून तुळजाजी असं म्हणाला, आणि त्रिपुरसुंदरीच्या हातातलं डोशाच्या पिठाचं पातेलं तसंच हातात राहिलं. आठ महिने! आठ महिने या सख्ख्या धाकट्या भावाने तिचा एक फोन उचलला नव्हता, दिवाळीला पाऊल टाकलं नव्हतं, आणि आज आला तो 'कशी आहेस अक्का' एवढंसुद्धा न विचारता! बायको आजारी पडली नसती तर आलाही नसता... पण नको म्हणायला जीभ रेटेना.

"कॉफी घे तोवर. साडी बदलते."

"आधार कार्ड घे बरोबर," तो म्हणाला, आणि कॉफी न घेताच गाडीत जाऊन बसला.

आता हे वैर कशापायी, तेही सांगून टाकावं. वडील गेले तेव्हा त्रिपुरसुंदरी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने ते सोडलं, अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात लागली, भावाला इंजिनियर केलं, आणि त्या धबडग्यात लग्नाचं वय कधी निघून गेलं हे कुणी विचारलं नाही, तिनेही नाही. तुळजाजी रॉकेटच्या केंद्रात मोठा अधिकारी झाला. समुद्रातलं वादळ किनाऱ्याला लागायच्या आत ओळखणारा तो अवजड उपग्रह त्याने नऊ वर्षं पोटच्या लेकरासारखा वाढवला. आणि योग पाहा, त्याच उपग्रहाचे सोलर पॅनेल उघडणाऱ्या चोवीस बिजागऱ्या त्रिपुरसुंदरीच्याच कारखान्यात झाल्या, आणि त्यांचे बोल्ट तपासून शिक्का मारायचं काम तिचं! बिजागऱ्या अडकल्या तर वर गेलेला उपग्रह म्हणजे नुसतं भंगार.

चूक झाली ती मायेपोटी. गेल्या वर्षी जूनमध्ये तुळजाजीला साठावं लागलं, तिरुक्कडैयूरच्या देवळात उग्ररथशांतीची पूजा ठरली, आणि तीनची बस गाठायच्या घाईत तिने शेवटच्या पेटीवर शिक्का मारला. ज्या पान्याने बोल्ट आवळले त्याच्या अचूकतेच्या तपासणीची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. पान्यावर तारखेची चिठ्ठी होती. तिने ती पाहिली नाही. शिक्का मारायच्या अडतीस वर्षांत एकदा!

हे तिला उमगलं दहा महिन्यांनी, एप्रिलमध्ये, जुनी फाइल चाळताना. उड्डाण मे महिन्यात होतं, आणि जूनअखेर तुळजाजी निवृत्त व्हायचा होता. तिने फोन केला. भावाला नव्हे, नियमाप्रमाणे केंद्राच्या तपासणी विभागाला. उपग्रह उघडला, चोवीसच्या चोवीस बिजागऱ्या पुन्हा तपासल्या, सगळ्या ठणठणीत निघाल्या! पण उड्डाण गेलं डिसेंबरवर, आणि तुळजाजी गळ्यात हार घालून घरी बसला.

"सगळं ठीक होतं, अक्का! तुझ्या एका शंकेपायी माझी नऊ वर्षं मातीत..." हे त्याचं शेवटचं वाक्य.

केंद्राच्या वाटेवरचं गुम्मिडिपूंडी मागे पडलं. मग त्याने, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "आज रजा बरी मिळाली?"

"पॅकिंगवाल्यांना मिळते लगेच."

"पॅकिंग? तू पॅकिंगला कधीपासून?"

"एप्रिलपासून. शिक्का काढून घेतला माझा. बरोबरच आहे की, चूक माझीच."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "मला सांगितलं का नाहीस?"

"फोन उचलत होतास कुठे?"

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला; मागून लॉरीवाले शिव्या देत निघून गेले.

फाटकावरच्या शिपायाने पास मागितला तेव्हा तो पहिल्यांदा तिच्या हातात आला, आणि हरिप्रियेचा पास आपल्याला कसा चालणार, म्हणून ती घाबरली. पासावर नाव छापलेलं होतं, आधारच्या नंबरासकट. दुसऱ्याच्या पासावर तिथे मुंगीलाही सोडत नाहीत. नाव होतं त्रिपुरसुंदरी!

"हरिप्रियेला ताप..."

"ती चांगली ठणठणीत आहे," तुळजाजी तिच्याकडे न बघता म्हणाला. "चल, जागा जातील."

साडेपाचला रॉकेट उठलं. आधी उजेड, मग आवाज, आणि तो आवाज छातीत असा घुसला की तिने भावाचं मनगट घट्ट धरलं. ढगांत गेलं, दिसेनासं झालं. अठराव्या मिनिटाला लाउडस्पीकर म्हणाला, उपग्रह सुटा झाला, कक्षेत पोचला! टाळ्या झाल्या; लोक डबे, पिशव्या गोळा करून फाटकाकडे परत नेणाऱ्या बसकडे निघाले. ही दोघं मात्र बसून राहिली. त्यांच्या जिवाचा घोर पुढेच होता.

वीस मिनिटं गेली. पंचवीस. त्रिपुरसुंदरीच्या ओठांवर देवीचं नाव होतं... मग फोन वाजला. त्याच्या खुर्चीवर आता बसणाऱ्या सहानाचा.

"पॅनेल उघडले, सर! दोन्ही!"

तुळजाजीने फोन खिशात टाकला. 

"आठ महिने मी एकच धरून बसलो, अक्का, की तू गप्प राहिली असतीस तर मेमध्येच उड्डाण झालं असतं आणि मी आत माझ्या खुर्चीवर असतो. असतोच की! मजेत असतो! बिजागऱ्यांची शंका मला कुठे ठाऊक असती? आणि तू एकटीने घरी टीव्हीसमोर ही पंचवीस मिनिटं काढली असतीस... माझ्या हाताखालच्या कुणी असं लपवलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. आणि माझ्या बहिणीने लपवलं नाही म्हणून तिचं पाहिलं नाही!"

"पुरे रे."

"एक सांग. तो फोन लावताना माझी खुर्ची नाही का गं आठवली?"

"आठवली की," ती म्हणाली. "म्हणून तर तीन दिवस लागले."

साठीचा तो माणूस परक्या लोकांदेखत तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. बसवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. तिने त्याला उठवलं नाही.