तीनशे चारमधली पावलं

ही गोष्ट माझ्याकडे उडत उडत आलेली नाही. डोरीन हॉरिलुक आणि मी कॅनडातल्या विनिपेगच्या एका बेकरीत रात्रपाळीला शेजारी शेजारी उभ्या असतो. पाव पिशव्यांत भरता भरता तिनेच मला हे सांगितलं, आणि सांगताना तिच्या हातून दोन पाव खाली पडले.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे सव्वादोन. बाहेर उणे एकतीस.

डोरीन एका जुन्या इमारतीत भाड्याने राहायची. तिसरा मजला, तीनशे चार. एकटीच, अकरा वर्षं. सकाळी कामावरून आली की जाड पडदे ओढून झोपायची, ती थेट चारला उठायची.

आणि तक्रारी आल्या त्या तिच्याच नावाने...

दुपारी खुर्च्या ओढते. टाचा आपटत फिरते. मालकाचं पहिलं पत्र जानेवारीत आलं. दुसरं पंधरा दिवसांनी. तिसरं आलं असतं तर घर सोडावं लागलं असतं.

तक्रार करणारे होते खालचे म्हातारे नवराबायको, गास्तों आणि सिमोन बोद्री.

"अरे, मी झोपलेली असते त्या वेळी!" ती केअरटेकर लॉयडवर उखडली.

"झोपेत चालत असशील," लॉयड म्हणाला. "वरच्या मजल्यावरचेही हेच सांगतात, डोरीन. खालून आवाज येतो म्हणे. तुझ्या घरातून."

डोरीनला कळून चुकलं, कुठेतरी पाणी मुरतंय. तिचं भाडं जुनं, कमी. ती गेली तर मालकाला हवंच होतं. सगळे एक झालेले असणार.

सोमवारी ती झोपलीच नाही. पलंगावर मांडी घालून बसून राहिली.

दोन वाजले. काही नाही.

सव्वादोन झाले...

ठक. ठक. ठक.

खालून कुणीतरी छतावर काठी आपटत होतं. "बस कर गं बाई आता!" गास्तों बोद्रींचा आवाज.

घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. डोरीनचं डोकं फिरलं. पकडलं यांना!

मंगळवारी दोनच्या आधीच तिने त्यांचं दार ठोठावलं. "मिस्टर बोद्री, चला वर. माझ्या घरात बसा आणि तुम्हीच सांगा कोण आवाज करतं ते."

म्हातारा कुरकुरत सपाता फटकारत वर आला. सिमोन खालीच थांबली.

दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी समोरासमोर बसले. डोरीनने कॉफी ओतली. दोघांपैकी कुणीच प्यायलं नाही.

"आज कशाला करशील तू?" बोद्री म्हणाले. "मी समोर आहे ना."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"गास्तों, तिला सांग, खुर्ची ओढू नकोस म्हणावं."

"कुणी ओढली नाही, सिमोन."

"आत्ता ओढली! आणि तू कशाला येरझाऱ्या घालतोयस?"

"मी बसलोय. आम्ही दोघंही बसलोय."



"मग बाथरूमकडून कोण चालत येतंय?"

दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं. बाथरूमचं दार उघडं. मधली बोळकांडी रिकामी. दिवा चालू. पायाखालची फळीसुद्धा करकरली नाही.

"बाहेरच्या खोलीत आली," सिमोनचा आवाज बारीक झाला. "टाचा वाजतात... हळू चालतेय... आता स्वयंपाकघर..."

"मग?"

"थांबली."

"कुठे?"

"तू कुठे बसलायस?"

"खिडकीपाशी."

"तिथे नाही... समोरच्या खुर्चीच्या मागे."

समोरच्या खुर्चीवर डोरीन होती.

तिची मान वळेना. ती फक्त बोद्रींच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ते तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. आपल्याला काही दिसलं नाही, असं ते आजही शपथेवर सांगतात.

पण त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं.

"ऊठ, पोरी. मागे बघू नकोस."

दोघं जिना उतरून खाली आले. सिमोन दारातच उभी होती. फोन अजून कानाला.

"थांबला का आवाज?" बोद्रींनी विचारलं.

"तुम्ही उठलात, तशी तीही निघाली," ती म्हणाली. "दारापर्यंत ऐकली मी. मग जिन्यावर..."

 ती त्या दोघांच्या मागे, रिकाम्या पायऱ्यांकडे बघत राहिली.

लॉयडने नंतर घरातलं कपाट न् कपाट उघडलं. काही सापडलं नाही. बोद्रींनी स्वतः जाऊन तक्रार मागे घेतली. त्या दुपारनंतर तीनशे चारमधून वर किंवा खाली कुणाला काहीच ऐकू आलं नाही.

तरी डोरीन तिथे राहिली नाही. मार्चमध्ये तिने गावाच्या कडेला एक बैठं घर घेतलं, भाड्यानेच.

"वर कुणी नाही, खाली कुणी नाही," परवा ती मला म्हणाली. "आता कुणाची तक्रार नाही बघ."

"बरं झालं," मी म्हटलं.

पण त्या रात्री माझं कामात लक्ष लागेना. तक्रार करणार कोण? तिला स्वतःला तर तेव्हाही काहीच ऐकू येत नव्हतं...