सातव्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट

सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर आत एक माणूस मांडी घालून बसलेला! मी किंचाळलेच.

"घाबरू नका, जिवंत आहे," तो म्हणाला. "लिफ्टचा इंजिनिअर. दोर बदलले की पहिली फेरी मी स्वतः मारतो. तुम्ही?"

"हिचा प्रोग्राम लिहिणारी. मीही इंजिनिअरच."

"अस्सं?" तो गालातल्या गालात हसला. "मग तुमचा प्रोग्राम चुकतो, तेव्हा तुम्ही कुठे असता?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. खरं उत्तर होतं... घरी, पंख्याखाली. मी तणतणत दारातच लॅपटॉप जोडला आणि रिकाम्या लिफ्टचं वजन म्हणून तिचा वजनकाटा शून्यावर आणून ठेवला. तो आत बसून चिडवत होता, मी बाहेरून उत्तरं देत होते. ग्रीस लागलेल्या माणसाच्या पापण्या इतक्या लांब कशाला असाव्यात, हेही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. सातवा मजला रिकामा, भाडेकरू गेलेले. तरी कुणी बटण न दाबता रिकामी लिफ्ट वर जायची, दार उघडायची आणि थांबून राहायची. कितीतरी वेळ... सफाईवाल्या मावशींनी तो मजला पुसणंच सोडलं. "कुणीतरी बोलावतंय हो तिला," त्या म्हणाल्या.

आम्हा दोघांना पाचारण झालं. भर दुपारी बाहेर पावसाने अंधारून आलं होतं. आम्ही सातव्याच्या जिन्यावर बसलो. दोर करकरले. दार उघडलं. आत कुणी नाही! मानेवर गार वारा आला आणि माझा हात त्याच्या बाहीवर कधी गेला, मला कळलंच नाही. त्याला कळलं.

"भूत असलंच तर तुमच्या प्रोग्राममधलं," तो कुजबुजला आणि उठून आत गेला. दार लगेच मिटलं. लिफ्ट शहाण्यासारखी खाली गेली. तो उतरला मात्र, ती पुन्हा वर आली. दार उघडून उभी.

तो धापा टाकत जिना चढून आला. चेहरा पांढरा पडला होता. "हिला... मी हवाय?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी लॅपटॉप उघडला. रिकाम्या लिफ्टचं वजन शून्याच्याही खाली दिसत होतं, बरोबर एका माणसाइतकं!

त्या दिवशी भांडणाच्या नादात तो आत असतानाच मी शून्य लावलं होतं. तेव्हापासून लिफ्टच्या लेखी तो आत असला म्हणजे ती रिकामी. आणि वजन शून्याखाली जाऊन कळेनासं झालं, तर शून्य लावलेल्या मजल्यावर जाऊन दार उघडून थांब, हे तिला मीच शिकवलेलं. भूतबीत काही नव्हतं. पण ही लिफ्ट आता मर्यादेपेक्षा एक माणूस जास्त घेऊन निघाली असती, आणि ती सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही होती त्याची.

मी खिडकीशी जाऊन आमच्या साहेबांना फोन लावला. "गुपचूप नीट कर," ते म्हणाले. "कुणाला कळायचंही नाही."

खरंच कळलं नसतं. मी परत येऊन त्याला सगळं सांगितलं.

त्याने आधी लिफ्ट बंद केली. "चूक कुणाची, ते लिहावं लागेल. खाली तुमची सही."

"करते."

"नोकरीवर बेतेल."

"बेतू दे." मी तिथेच सही केली.

या वेळी चारही कोपरे डोळ्यांनी पाहून मी शून्य लावलं. मग तळमजल्यावर आम्ही चाचणीसाठी वाळूची पोती आत भरली, आणि तो येण्याआधी मी आत जाऊन मांडी घातली.

"अहो, पहिली फेरी माझी असते!"

"विचारत होतात ना, मी कुठे असते?"

तो एक पोतं बाहेर ओढून शेजारी येऊन बसला. दार मिटलं. दिवा क्षणभर फडफडला, वर दोर करकरले. मी झटकन वर पाहिलं.

"घाबरलात, इंजिनिअर?" त्याने हळूच विचारलं. त्या शब्दात आता चेष्टा नव्हती.

"हो. पण एक सांगू? तू नसलास की काहीतरी कमी आहे, असं वाटायचं..."

"लिफ्टला?"

"मला."

त्याने हात लांब करून सातव्याचं बटण दाबलं. लिफ्ट हलली आणि मी त्याची बाही धरली. या वेळी मलाही कळलं.