पाणी कोण हलवतंय?

ही गोष्ट खरी आहे. प्रसेनजित माझा मावसभाऊ. त्याने ती मला दोनदाच सांगितली. दोन्ही वेळा खिडकी बंद करून.

१५ नोव्हेंबर २०२२. मंगळवार. रिठदजवळचा पाझर तलाव. भर दुपार.

प्रसेनजित काठावर ऑइल कलरने पाण्यावरचा हलता उजेड रंगवत होता. पण वारा पडला आणि तलाव थिजला. म्हणून त्याचा मोठा भाऊ रवी कमरेएवढ्या पाण्यात उतरला. तो हातांनी पाणी ढवळायचा, उजेडाचे तुकडे नाचायचे.

"दादा, अजून थोडं पुढं जाय."

"इथं?"

"अजून थोडं."

प्रसेनजितने पांढऱ्यात पिवळा मिसळला. तीन फटकारे मारले. मान वर केली...

लाटा होत्या. रवी नव्हता.

ना हाक. ना बुडबुडे.

प्रसेनजितला पोहता येत नव्हतं. तो ओरडत रस्त्यापर्यंत धावला.

चार दिवस गळ टाकले. देह सापडेना. आई, भागिरथाबाई, काठावरून उठेना. "पोराले पाह्यल्याबिगर पुण्यानुमोदन करू देनार नाई मी!" मृत्यूनंतरचा हा बौद्ध विधी अडून राहिला.

प्रसेनजितने सगळ्यांना एकच सांगितलं, दादा आपणहून पोहायला उतरला.

चौथ्या दुपारी शोधणारे निघून गेले. कॅनव्हास तसाच उभा होता. प्रसेनजितने वेड्यासारखं ब्रश उचलला. निदान पाण्यावरची नजर तरी हटणार नव्हती.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

चुळूक...

तलावाच्या मधोमध पाणी हललं. दोन हातांनी ढवळावं तसं.

त्याचा ब्रश थांबला. पाणी थांबलं.

ब्रश टेकवला...

चुळूक... चुळूक...

"देवमनकाका! तिथं पाहा, तिथं!"

मासे धरणारा देवमन होडी घेऊन गेला. बांबूने तळ चाचपला. "काईच नाई रे बावा इथं!"

होडीच्या अगदी बाजूला पाणी हलत होतं. देवमनला ते दिसत नव्हतं.

प्रसेनजित रंगवत राहिला. थरावर थर. ट्यूबा संपल्या तेव्हा पॅलेटवरचा उरलेला रंग बोटांनी. शेवटी तो आईच्या पायाशी कोसळला.

"आई, मीनंच म्हटलं त्याले पुढं जाय! चित्रासाठी!"

भागिरथाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या पाण्याकडे पाहत होत्या.

त्यांना दिसत होतं.

"मंग थांबला काहून?" त्या हळूच म्हणाल्या. "काढ. तुह्यासाठीच हालवून राह्यला ना थो."

दुसऱ्या दिवशी सकाळी देह सांडव्याजवळच्या गवतात सापडला. आईने पोराचं तोंड पाहिलं. पुण्यानुमोदनही झालं. प्रसेनजितने रंग, ब्रश, कॅनव्हास, सगळं जाळून टाकलं.

वाटलं, संपलं.

पण पाणी थांबलं नाही.

भागिरथाबाई आजही रोज दुपारी तलावावर जातात. काठावर बसून म्हणतात, "पुरे झालं रे, रवी. हात दुखले असतीन. ये आता बाहेर."

मागच्या महिन्यात प्रसेनजित त्यांना घरी न्यायला गेला. आईने नेहमीसारखी हाक मारली.

चुळूक थांबली.

मग लाटांची एक सरळ रेघ काठाकडे निघाली. सावकाश... माणूस पाण्यातून चालत यावा तशी.

आईने दोन्ही हात पुढे केले.

प्रसेनजितने तिला कमरेला धरून ओढत रस्त्यावर आणलं. ती त्याला मारत होती, रडत होती. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मी विचारलं, "पाहिलं काहून नाई?"

त्याने बंद खिडकीची कडी पुन्हा तपासली.

"मागून पायांचा आवाज येत होता," तो म्हणाला. "ओल्या पायांचा."